देवघरासमोरची खुर्ची

१३ जानेवारी, सोमवार

आज पाटावरून उठता आलं नाही!

पूजा झाली. इष्टलिंग डाव्या तळहातावरून उचललं, चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली — आणि उजवा गुडघा सरळच होईना. भिंतीला धरलं, चौकटीला धरलं. शेवटी महानंदाला हाक मारली. बायकोनं काखेत हात घालून उठवायचं! अजून पन्नाशी लागायची आहे माझी.

तिनं बाहेरच्या खोलीतली खुर्ची आणून देवघरासमोर ठेवली. घरात तेवढी एकच आहे, पाव्हण्यांसाठी.

"उद्यापासून हिच्यावर," म्हणाली.

दीक्षा घेतल्यापासून मांडी घालूनच बसत आलो. तीही बसते, पण मी दुकानात गेल्यावर, निवांत.

१४ जानेवारी

खुर्चीवर पूजा केली. न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. देवा, माफ कर.

१९ जानेवारी, रविवार

लग्नसराई. दुकानात गादीवर बसून साड्या उलगडणं, उठून फडताळातून नव्या काढणं, पुन्हा बसणं — हेच माझं काम. आज प्रत्येक उठण्याला कट् असा आवाज, तोंड वाकडं. एक नवरी मुलगी दचकली! मालक हळूच म्हणाले, "सिद्रामप्पा, गिऱ्हाईक साडी बघायलंय का तुमचं तोंड?" वाईट हेतूनं नाही. उद्यापासून उंच स्टूल देतो म्हणाले.

इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी मागं गोळ्या दिल्या, व्यायाम दिला, गुडघ्यात वंगणासारखं इंजेक्शन दिलं. ते श्रावणापर्यंत पुरलं. पुढं वाटी बदलायची, पण इतक्या लवकर नको, असं तेच म्हणाले. म्हणजे तोवर काय? तोवर असंच.

२१ जानेवारी

वर्षाराणीचा नांदेडहून फोन. लेकीनं एक डॉक्टरीणबाई शोधून ठेवली आहे. कापाकापी नाही, टाके नाहीत, सुईनं गुडघ्याभोवतीच्या दुखणाऱ्या बारीक नसा तापवून गप्प करतात म्हणे. "आप्पा, संध्याकाळी घरी. चालत!"

नस जाळायची! ऐकूनच हातापायाला घाम फुटला. गावाकडं माणिकप्पाला, चुलतभावाला, फोन केला. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याचा डावा पाय ओढत चालतो. तो म्हणाला, "नसंला हात लावू दिऊ नको, सिद्राम. दुखालंय म्हंजी पाय तुझा हाय. दुखायचा थांबला की कुणाचा, काय ठाव?"

दिवसभर हेच वाक्य डोक्यात. साड्या उलगडताना, घास गिळताना.

२७ जानेवारी, सोमवार. नांदेड

बसमधून उतरताना महानंदानं फार वेळ लावला. दोन्ही हातांनी दांडा धरून एकेक पायरी. कंडक्टर वैतागला. "पिशव्या जड हायत," म्हणाली.

डॉ. अपूर्वा वयानं वर्षाराणीहून थोड्याच मोठ्या. गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरून सगळं सांगितलं. झीज भरून येणार नाही. नस काही महिन्यांनी, फार तर वर्ष-दीड वर्षानं पुन्हा जागी होते, तेव्हा दुखणंही परत येऊ शकतं. काहींना उपयोगच होत नाही. खोटी आशा दाखवली नाही, हे बरं वाटलं. त्यानंच भीतीही वाढली.

मी विचारलं, "पाय लुळा पडला तर?"

"पाय हलवणाऱ्या नसा वेगळ्या, काका. त्यांना धक्का लागत नाही ना, हे आधी तपासूनच पुढं जायचं. तसा धोका फार कमी. पण शून्य म्हणणार नाही."

शून्य म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

आधी चाचणी. त्या नसा फक्त काही तासांसाठी बधिर केल्या. "घरी जाऊन रोज दुखतं तेच करून बघा," म्हणाल्या. लेकीच्या घरी जिना चढलो — काही नाही! फरशीवर मांडी घातली — काही नाही! इष्टलिंग हातात घेऊन बसलो आणि डोळे भरून आले. मग एकदम धास्ती वाटली. हा पाय माझा आहे ना? चिमटा काढला. कळला. बोटं हलवली. हलली. तरी पुन्हा पुन्हा हलवत राहिलो. सांजेला दुखणं परत आलं तेव्हा, खरं सांगतो, ओळखीचं माणूस घरी आल्यासारखं वाटलं.

२९ जानेवारी

६ तारीख ठरली. दवाखान्यातल्या रूपाली सिस्टर फोनवर म्हणाल्या की, गळ्यात, बोटात धातूचं काही नको. म्हणजे डबी काढायची! लिंगायतानं देव अंगावेगळा करायचा? नस राहिली बाजूला, आता या विचारानं जेवण जाईना.

मठातल्या स्वामींना विचारून आलो. म्हणाले, "अरे, डबी म्हणजे देव आहे का? कापडात बांध." महानंदानं पांढऱ्या खणाची पिशवी शिवली. उभ्यानंच शिवली, ओट्यावर कापड ठेवून. बस म्हटलं तर म्हणाली, "उजेड इथं हाय."

६ फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

टेबलावर आडवं केलं. गुडघ्याखाली उशी, वर एक्स-रेचं यंत्र. कापडी पिशवी माझ्या डाव्या मुठीत. तेवढी परवानगी डॉक्टरांनी दिली होती. जागा बधिर केली. मग लांब सुया. दुखलं असं नाही, पण आत काहीतरी सरकतं आहे हे कळत होतं. माणिकप्पाचा ओढता पाय डोळ्यांपुढून हलेना. मूठ उघडली, तळहात छातीशी आणला आणि मनात पंचाक्षरी सुरू केली.

झालं! देव तळहातावर आला की पूजा. आणि पूजेत मौन. घराला आग लागली तरी मध्ये बोलायचं नाही, ही आईनं लावलेली सवय.

डॉक्टर विचारत होत्या, "काका, झिणझिण्या येताहेत? कुठं येताहेत?" येत होत्या. गुडघ्याच्या आतल्या अंगाला. मी गप्प.

"काका, ऐकू येतंय ना? तुमचं नाव सांगा!"

मी गप्प. डोळे मिटलेले.

"मॅडम, पेशंट बोलेना!" रूपाली सिस्टर घाबरून म्हणाल्या.

मग एकच धावपळ. तोंडावर ऑक्सिजन, दंडाला पट्टा, सुया बाहेर. कुणीतरी महानंदाला आत बोलावलं. तिचा चेहरा पांढरा पडलेला. तिनं एकदाच माझ्या तळहाताकडे पाहिलं.

"काई झालं न्हाई त्यांना," म्हणाली. "पूजेला बसलेत!"

डॉक्टर ओरडल्या नाहीत. भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "बधिर करायचं औषध रक्तात गेलं तर माणसाची वाचा जाऊ शकते. मला वाटलं, तेच झालं." हातमोजे काढून ट्रेमध्ये टाकले. "काका, नस कुठं आहे ते मी तुमच्या तोंडूनच शोधते. तुम्ही बोललाच नाहीत तर मी आंधळी."

आज पुढं काही करणार नाही म्हणाल्या. पुन्हा यायचं.

७ फेब्रुवारी

माणिकप्पाचा फोन. वर्षाराणीनं सांगितलेलं दिसतं. हसून हसून खोकला लागला त्याला. "आरं, देव घिऊन गेलास अन् डॉक्टरलाच कापरं भरवलंस की!" मलाही हसू आलं. लगेच गेलं.

ते मौन देवासाठी होतं का? गप्प राहिलो तर सुई थांबेल, असं आत कुणीतरी म्हणत होतं. तो देव नव्हता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

झालं.

या वेळी देव दंडाला बांधला, तोंड मोकळं ठेवलं. विचारलं ते सगळं सांगितलं, न विचारलेलंही! "इथं झिणझिण्या. नाही, जरा वर. पायाचा अंगठा हलतोय, बघा. अजून हलतोय." रूपाली सिस्टर म्हणाल्या, "काका, मागच्या वेळचं पण आजच बोलून घ्यायलाव काय?" भीती गेली नव्हती. पण बोलताना ती जरा बाजूला सरकून बसते.

बाहेर बाकडं रिकामं होतं, तरी महानंदा भिंतीला टेकून उभीच होती. म्हणाली, बसून जीव थाऱ्यावर राहिला नसता.

डॉक्टरांनी बजावलं आहे, "दुखत नाही म्हणून मांडी घालून बसायचं नाही. झीज आहे तिथंच आहे. खुर्ची सोडू नका." एवढं सगळं करून पुन्हा खुर्चीच!

१६ फेब्रुवारी

गुडघ्याभोवती ठणका. सुरुवातीला असतो म्हणाल्या. बोटं हलवून पाहतो. हलतात.

२२ फेब्रुवारी

दुकानाच्या तीन पायऱ्या उतरून खाली आलो आणि मग लक्षात आलं — दुखलं नाही! तिथंच उभा राहिलो. मागच्या गिऱ्हाईकानं ढकलेपर्यंत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज दुकानात जायचं नव्हतं. महानंदाला म्हटलं, चल, बरोबर पूजा करू. टाळाटाळ करत होती. मीच हट्ट केला. मी खुर्चीवर, ती खाली पाटावर. आरती झाली आणि कट् असा आवाज आला. माझी मान सवयीनं माझ्याच गुडघ्याकडे गेली. तो शांत होता.

ती उठू शकत नव्हती. दोन्ही गुडघे.

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

काखेत हात घालून उठवलं. सोमवारी नांदेडला जाऊ म्हटलं. तिनं मान हलवली. "मी न्हाई जायची. त्या दिवशी टेबलावर तुमचं तोंड बघितलंय मी."

खुर्चीवर तिला बसवलं. मी उभा आहे. एकच खुर्ची आहे घरात.