गळकी काच आणि मोठ्या बाईंच्या महालक्ष्म्या

१७ ऑगस्ट, रविवार
मागची सीट परत ओली. ड्रायव्हरच्या मागं ती छोटी, न उघडणारी तिकोनी काच आहे ना, तिथूनच पाणी येऊन राहिलं. मॅट पिळली तर अर्धा तांब्या निघाला. आणि यंदा याच सीटवरून महालक्ष्म्या यायच्या आहेत, अमरावतीहून. मोठ्या जाऊबाई, आमच्या मोठ्या बाई, भाऊजी गेल्यापासून तिथं एकट्याच. होळीलाच म्हणाल्या, 'आता माह्याच्यानं होत नाही, तू बसव.' पहिल्यांदाच आमच्या जठारपेठेतल्या घरी! मुखवटे मातीचे, सासूबाईंच्याही सासूच्या वेळचे. पाणी लागलं की रंग गेला समजा. मी नुसती हरखून बसली आणि गाडीचं हे असं.

१९, मंगळ.
ह्यांनी उपाय केला. उन्हाळ्याआधी कूलरच्या टाकीला लावतो ते डांबर, उरलेला डबा काढला, तापवलं आणि काचेच्या खालच्या कडेला आतून-बाहेरून फासलं. 'टाकी गळत नाही तर काच काय गळन?' सीट कव्हरवर काळा पंजा उमटला. मी काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण थोडंच.
गाडी गळते हे कळल्यापासून मोठ्या बाईंचा रोज संध्याकाळी फोन. 'काहून वं, थांबलं का पाणी?' थांबलं म्हटलं.

२१, गुरु.
कुठलं थांबतं. आता तर तळंच झालं. आधी थोडंफार पाणी खालून निघून तरी जायचं, डांबरानं ती वाटच बुजली. ह्यांना दाखवलं तर म्हणे, 'म्हणजे डांबर पक्कं आहे.' काय बोलावं माणसाले.
बाईंचा फोन आलाच. खरं सांगितलं. 'ओल्या गाडीत माह्या लक्ष्म्या नाही पाठवत. राहू दे यंदा इथंच. जमन तसं करीन मी.' असा राग आला! माहेरी, गल्लीत, सगळीकडे सांगून बसली आहे मी.

२२, शुक्र. पोळा
काचवाल्याचं दुकान बंद. मग आम्हीच लागलो. हे आत टॉर्च घेऊन, मी बाहेर पाइप घेऊन. खालून वर पाणी मारत गेली. आतून ओरडले, 'वरच्या कोपऱ्यातून येऊन राहिलं! रबर आकसलं!' बनियनपर्यंत भिजले. शेजारचे काका कुंपणावरून, 'बैल नाही म्हणून गाडी धुऊन राहिले का पोळ्याले?' हसता हसता पाइप सुटला, काकाही धुतले गेले.

२५, सोम.
काचवाले शकीलभाई. काच काढली, डांबर पाहिलं. 'भाभी, ये किसने किया?' ह्यांनी तेवढ्यात फोन कानाला लावला. कोणाचा फोन आला होता देव जाणे. खरवडण्यातच दुपार गेली. नवं रबर, नवा गम. उद्यापर्यंत पाणी लावायचं नाही.

२७, बुध. गणपती बसले
दुपारी धो धो आलं. आरती झाल्याबरोबर गाडीकडे पळाली. हात फिरवला, कागद दाबून पाहिला. ठणठणीत कोरडी!
लगेच बाईंना फोन. पलीकडून, 'बरं झालं.' पोरगी सासरी धाडताना निघतो तसा आवाज.
फोन ठेवल्यावर उजेड पडला. रोज काचेचं विचारत होत्या, ते ती गळतच राहो म्हणून. वर्षभर त्या घरात बोलायला ते दोन मुखवटेच तर आहेत. 'होत नाही' म्हणणं वेगळं आणि उचलून देणं वेगळं. लय वाईट वाटलं. मोदक गोड लागेना.

२८, गुरु.
मीच फोन लावला. 'बाई, परत गळली.' धडधडीत खोटं, तेही गणपती बसलेल्या घरातून.
'आता वं?'
'आता तुम्हीच या, पदराखाली घेऊन बसा. मी गाडी चालवू का त्यांना सांभाळू?'
 'तुह्या भरवशावर तर मी नाहीच सोडत.'
ह्यांनी हात जोडले. गणपतीला का मला, समजलं नाही.

३०, शनि.
आणलं बाईंना. बडनेऱ्याच्या पुढं पाऊस असा, की वायपर हरले. आरशात पाहिलं. दोन्ही मुखवटे मांडीवर, वर पदर, आणि बाई त्या काचेकडेच पाहून राहिल्या. मग बोट फिरवलं रबरावरून, वरच्या कोपऱ्यापासून थेट खाली. बोट पाहिलं. कोरडं. आता बोलणी बसतात, मी स्टेअरिंग घट्ट धरलं.
'हळू चालव,' एवढंच म्हणाल्या.
मूर्तिजापूरला चहाला उतरल्या नाहीत. वाटेत लक्ष्म्या खाली टेकवत नाहीत. मीच कप त्यांच्या ओठाला लावला.

३१, रवि. महालक्ष्म्या बसल्या
साड्या बाईंनीच नेसवल्या. मला काम पिना धरायचं. 'निरी अशी नाही, तशी नाही,' सकाळपासून चालूच. घर भरल्यासारखं झालं. उद्या जेवण, परवा लक्ष्म्या उठतील. मग मुखवटे इथं राहायचे का बाईंबरोबर परत जायचे? विचारायची माझी छाती नाही. ह्यांना कुठं दम निघतो. 'वहिनी, अमरावतीले कधी सोडून देऊ?'
बाई लक्ष्मीच्या नथीचा मोती सरळ करत होत्या. मागं वळल्यापण नाहीत.
'पाणी उघडू दे आधी. त्या गळक्या गाडीत कोण बसन?'
बाहेर सकाळपासून लख्ख ऊन. आम्ही दोघंही हो म्हणालो.