पुढच्या सीटखालची ओल

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून लगेच दचकू नकोस. दचकायला पुढे भरपूर जागा आहे. फोनवर बोलता येत नाही, कारण आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नावालाच आहे आणि आईचे कान अजून शाबूत आहेत. शिवाय तू फोन घेतलास की पहिलं वाक्य म्हणतेस, ‘आई आहे का जवळ, दे तिला.’

रविवारी तिला तुझ्याकडे आणून सोडायचं ठरलंय, ते या नव्या, म्हणजे जुन्या गाडीतून. मधला डोंगरउतार तुला ठाऊक आहे. एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. गाडी दारात आल्यापासून मला ते ‘काहीच नाही’ झोपेतसुद्धा दिसतं.

गाडीचा हट्ट आईचा, हे तुला सांगितलं नव्हतं. जन्मभर गाडीवाल्यांना ‘पाय गहाण टाकलेले लोक’ म्हणणारी ही बाई एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘बस नको रे आता मला. एखादी जुनीपुराणी गाडी बघ.’ का, ते विचारलं तर म्हणाली, ‘बसवाले आपल्या मर्जीने थांबतात.’ मला वाटलं, उतारवयात ऐष सुचली. जुन्या गाडीबद्दल माझी तक्रार नव्हती. घटस्फोटानंतर मीही सेकंडहँड मालातच मोडतो. म्हटलं, एकमेकांना सांभाळून घेऊ.

विकणारा गृहस्थ इतका गोड बोलला की त्याला जावई करून घ्यावंसं वाटलं. बॉनेट उघडलं तर इंजिन आरशासारखं लखलखीत. मी भाळलो. विमा कंपनीत बसून लोकांच्या अपघातांच्या कहाण्या वाचायचा आणि त्यातलं खोटं हुडकायचा मला पगार मिळतो, हे तिथे विसरलो. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने मात्र एका नजरेत निकाल दिला. ‘साहेब, इंजिन धुऊन विकतात ते गळती दिसू नये म्हणून. तुम्ही स्थळ बघायला गेलात आणि पावडर बघून आलात.’ मी त्याला वैद्यबुवा म्हणतो, कारण तो गाडीला हात लावण्याआधी मालकाचा चेहरा तपासतो.

वैद्यबुवांनी पथ्य सांगितलं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून संध्याकाळी गाडीखाली सरकवायचा, त्यावर पुढे-मागे, डावं-उजवं लिहायचं आणि सकाळी डाग वाचायचे. ताई, माझी पत्रिकासुद्धा मी कधी इतक्या धसक्याने वाचली नव्हती. इंजिनखाली काळपट तपकिरी डाग, म्हणजे ऑईल; वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं होतं. ‘चालतंय, मरत नाही कुणी,’ वैद्यबुवा म्हणाले. त्याच्या शेजारी स्वच्छ पाण्याचे थेंब, ते एसीचे, त्यांना माफी. पण मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला एक पिवळसर ओघळ होता, बोटाला बुळबुळीत. तो वैद्यबुवांनी बोटावर घेऊन हुंगला. ब्रेक ऑईल. ‘आईंना घेऊन कुठे कुठे फिरलात?’ त्यांनी विचारलं. मी आदल्याच आठवड्यात तिला टेकडीवरच्या बागेत नेऊन आणलं होतं आणि उतरताना पेडल जरा मऊ लागलं तर स्वतःच्या कोवळ्या पायाचं कौतुक केलं होतं. मी तिथल्या टायरवरच बसलो.

ते काम झालं. चाकातला ब्रेकचा सिलिंडर नवा बसवला, पाइपातली हवा काढली, पेडल दगडासारखं घट्ट झालं. पुठ्ठा सलग कोरा यायला लागला. मी इतका निर्धास्त झालो की शीळ घालत गाडी पुसायला घेतली, आणि पुढच्या सीटपुढचं, आईच्या पायाखालचं पायपुसणं उचललं. ते ओलं होतं. आणि त्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती.

वैद्यबुवा खूश झाले. हीटरची कॉइल म्हणे डॅशबोर्डच्या आत असते, ती फुटली की इंजिन गार ठेवणारं कूलंट शेजारी बसलेल्याच्या पायावर झिरपतं. ‘आणि मुंग्या?’ मी विचारलं. ‘कूलंट गोड असतं साहेब. मुंग्या काय उगाच येतात?’ इलाज एकच, सगळा डॅशबोर्ड उपसायचा. तोवर डोंगराचं नाव काढायचं नाही. कूलंट संपलं की चढावर इंजिन उकळतं आणि आहे तिथे बसकण मारतं. माझी झोप पुन्हा उडाली. आता दरीऐवजी वाफ दिसायला लागली.

पण डॅशबोर्ड उपसलेली गाडी पुन्हा जशीच्या तशी जुळते यावर माझा विश्वास नाही. लग्नानेही तो धडा दिलाय. म्हणून आधी मी कूलंटच्या टाकीवर पेनाने रेघ मारली. त्या आठवड्यात आईला रोज थोडं फिरवलं. वाटेत ती सारखी थांबवायची. ‘पंप आलाय, घे बाजूला, गाडीला जरा श्वास घेऊ दे.’ गाडी श्वास घ्यायची, आई पंपामागच्या बाथरूमला जाऊन यायची, येताना पाण्याची नवी बाटली आणायची. बाबांच्या स्कूटरचीही तिने कधी इतकी काळजी केली नव्हती, असं मी चिडवलंसुद्धा. ‘स्कूटर आपली होती,’ ती म्हणाली, ‘ही लोकांची वापरलेली आहे.’

आठवडाभरात टाकीतलं पाणी रेघेच्या खाली केसभरही गेलं नाही. काचेवर वाफ धरली नाही. पायपुसण्यावर पांढरा रुमाल दाबून बघितला. कूलंट हिरवं असतं, रुमाल हिरवा झाला नाही. आणि पायपुसणं मात्र पुन्हा ओलं. हे सांगितलं तर वैद्यबुवा हट्टाला पेटले. ‘रेघ चुकली असेल. मुंग्या खोटं बोलत नाहीत.’

मुंग्या कुठून येतात ते बघायला मी परवा सकाळी पुढचं दार उघडून गुडघ्यांवर बसलो. रांग पायपुसण्यावरून निघून सीटवर चढत होती. पाणी खाली येतं ताई, वर चढत नाही. आईने गाडी आल्या आल्या त्या एकाच सीटला जाड कव्हर शिवलं होतं, ‘मला टोचतं’ म्हणून. ते मी कधी काढलं नव्हतं. काढलं. त्याच्या खाली बाबांचा जुना रेनकोट होता. पाठीचा भाग कापून, कडा दुमडून, बारीक टाक्यांनी कव्हरला आतून जोडलेला. पुढच्या बाजूला त्याला तिने हलकासा उतार दिला होता, सीटच्या गादीत काही मुरू नये, सगळं खाली जावं म्हणून. लोकांच्या वापरलेल्या गाडीची गादी खराब होऊ नये म्हणून.

बस का नको, पंप का हवेत, बाटल्या का रिकाम्या होतात, बोटातली सैल झालेली अंगठी दोरा गुंडाळून का घालते, सगळं तिथेच बसल्या बसल्या उलगडत गेलं. तुला आठवत असेल, बाबांच्या वेळी मोरीत अशाच मुंग्या लागल्या होत्या. डॉक्टरांकडे जायच्या आधी आईनेच सांगितलं होतं, ‘यांना साखर झालीय.’ म्हणजे घरात हे आपल्या सगळ्यांच्या आधी जिला कळलं असेल ती तीच. पुढे बाबांच्या पायाचं काय झालं, ते ड्रेसिंग कोण करायचं आणि शेवटी पाय गेला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात कोण उभं होतं, हे तुला मी सांगायला नको. कळूनही ती गप्प आहे, ती त्याच जिन्याच्या भीतीने.

मी रेनकोट पुसला, कव्हर होतं तसं घातलं, मुंग्या झटकल्या. वर जाऊन म्हटलं, ‘सापडली गं गळती, हीटरची कॉइल होती, केली दुरुस्त.’ ती पाठमोरी होती. पीठ मळणारे हात थांबले. मग म्हणाली, ‘तरीच. मला वाटलंच होतं, गाडीचंच काहीतरी असणार.’ आणि पुन्हा मळायला लागली. इतकं वाईट खोटं मी ऑफिसातल्या कागदांतसुद्धा वाचलेलं नाही. तिचंही आणि माझंही.

रविवारी आम्ही येत नाही. तूच ये, त्याआधी, जमलं तर उद्याच. मी तिला सांगेन की गाडी गॅरेजात आहे आणि ताईला आठवण आली. हे मी तिच्याशी बोलू शकत नाही. मुलाने ओली सीट बघितली हे कळलं तर ती पुन्हा त्या गाडीत बसणार नाही, कदाचित माझ्यासमोरही नीट बसणार नाही. तुझ्यापुढे ती रागावेल, रडेल, पण येईल. तिला तपासायला ने, मला काही माहीत नाही असंच वाग. रेनकोट सापडला हे तिला कधीही कळू देऊ नकोस. आणि उशीर करू नकोस म्हणतो त्याचं कारण रक्ताच्या तपासणीपेक्षा वेगळं आहे. कालपासून आई घरात मोजे घालते. एवढ्या उकाड्यात. मी विचारलं तर म्हणाली, ‘फरशी गार लागते.’ दोन्ही पायांत घालते, पण उजवा पाय टेकवताना हात भिंतीला लावते. बाबांनीही आधी मोजेच घातले होते. पुठ्ठा मी अजून रोज वाचतो, तो कोरा असतो. गाडीची आता मला भीती वाटत नाही.

वाट बघणारा, तुझाच,
शेंडेफळ