खोडरबर नको

कोथरूड, पुणे

प्रिय तनया,

अक्षर तुझ्या आईचं आहे म्हणून दचकू नकोस, बोलणं माझं आहे. मी कॉटवर बसून सांगतेय आणि ती समोर खुर्चीत बसून उतरवून घेतेय. ती मधलं काही गाळत असेल तर मला कळायचा मार्ग नाही. मला वाचता येत नाही, आणि आजारपणापासून तुझ्या आबांनाही येत नाही. घरात वाचता येणारं माणूस एकच उरलंय आणि नेमकं तेच लिहितंय, तेव्हा भरवसा ठेवणं आलं. फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू ‘हो आजी, बरं आजी’ करतेस आणि घरचा विषय निघाला की तुझी मीटिंग सुरू होते. बंगळूरच्या मीटिंगांना माझ्या विषयांचा वास कसा लागतो कोण जाणे. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच ‘ठेवते’ म्हणता येत नाही.

तर बातमी अशी की तुझे आबा चित्रकलेच्या क्लासला जाऊ लागलेत. हसू नकोस. किंवा हस, बऱ्याच दिवसांत हसली नसशील. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात ना, त्यांनी हे सुचवलं. अर्धांगाच्या झटक्याने आबांची वाचा गेली आणि उरला तो एकच शब्द, ‘अगं’. पाणी हवं, अगं. पंखा बंद कर, अगं. डॉक्टर आले तर त्यांनाही अगं, आणि डॉक्टर चांगले झुपकेदार मिशीवाले. मला हाक मारून मारून तेवढाच जिभेला चिकटून राहिला असावा. ज्या शब्दांवर त्यांनी पोट भरलं ते सगळे गेले आणि माझा राहिला. कुणाला बोलून दाखवत नाही, पण मनातून मी जरा मिरवते. तर बाई म्हणाल्या, आजी, यांना काहीतरी सांगायचंय, सारखं सांगायचंय, आणि ते ‘अगं’मध्ये मावत नाहीये. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, तर चित्र काढून बघू दे.

काय सांगायचंय ते आम्हाला माहीत होतं, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. आनंद कुठे आहे, हेच विचारत असणार. तुझे बाबा गेले तेव्हा आबा दवाखान्यात होते. हा धक्का यांना सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं की आनंद कंपनीच्या कामाला जर्मनीला गेलाय. ठरवताना वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. ओंकारेश्वरावर त्याचे दिवस करून आलो आणि घरी येऊन मी आबांना सांगितलं, देवळात गेले होते. तू तिथेच होतीस, तुला काय वेगळं सांगू? पोटचा मुलगा गेला आणि मला स्वतःच्या घरात रडायची सोय राहिली नाही. खालच्या चंपाताईंच्या स्वयंपाकघरात बसून रडायचे, त्यांची कुकर लावायची वेळ झाली की तोंड धुऊन वर यायचे आणि जर्मनीतल्या बर्फाची वर्णनं करायचे. आयुष्यात फ्रिजमधला सोडून मी बर्फ पाहिलेला नाही. पण आनंदने जाड कोट घेतला, आनंदला तिथे पोळी मिळत नाही, आनंदच्या खिडकीत गुडघाभर बर्फ साचला, असं रोज काहीतरी नवं. आबा माझ्याकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, ‘अगं.’ ते जितकं ‘अगं’ करायचे तितका मी आणखी बर्फ पाडायचे.

तू परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तुझं मनगट घट्ट धरलं होतं, ते मी दारातून पाहिलं. तूही थोडा बर्फ पाडलास आणि दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता निघालीस. दिवाळीला आली नाहीस, संक्रांतीला आली नाहीस. मी कारण विचारलं नाही. गुडघे धड असते तर मीही तुझ्या मागोमाग पळाले असते.

असो. क्लास आपल्या मागच्याच गल्लीत आहे. शिकवणारे अवधूत सर म्हणजे तुझ्याएवढाच पोरगा, केसांचा बुचडा मात्र माझ्यापेक्षा मोठा. वर्ग नवशिक्यांचा, म्हणजे पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली, बँकेतून रिटायर झालेले एक साहेब आणि आम्ही दोघं. सरांनी सामानाची यादी तुझ्या आईच्या फोनवर पाठवली, आणि आई फोन घेऊन ऑफिसात. मी म्हटलं, नाहीतरी यादी माझ्या काय कामाची? ज्याला धरायचंय त्याच्याच हातात देऊन बघू. आबांना रिक्षात बसवलं आणि अप्पा बळवंत चौक गाठला. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘मुलगा कितवीत आहे?’ मी म्हटलं, ‘तुमच्या समोर काठी घेऊन उभा आहे.’ त्याने आबांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, ‘एलिमेंटरी की थेट इंटरमिजिएट?’ आमच्या पुण्यात गिऱ्हाईकाला मान मिळत नाही, पण करमणूक फुकट असते.

पेन्सिल निवडायला आम्ही त्याचा सगळा गल्ला अडवून धरला. उजवा हात नुसता सोबतीला आहे, भिस्त डाव्यावर, आणि डाव्या हाताने आबांनी जन्मात कधी चमचाही धरलेला नाही. दुकानदार पेन्सिलींवरची अक्षरं वाचून दाखवू लागला, ही कडक, ही मऊ. म्हटलं, वाचू नका, एक कागद द्या. प्रत्येक पेन्सिलीची एकेक रेघ आबांकडून ओढून घेतली. कडक पेन्सिलीची रेघ दिसेचना, त्यांच्या हातात तेवढा जोरच नाही. मग नुसती टेकवली तरी काळीभोर उमटणारी, सगळ्यात मऊ होती ती घेतली. बोटांतून निसटत होती, तिला चिंधी गुंडाळून जाड करायचं तिथेच ठरवलं, कढईच्या तापलेल्या कानाला गुंडाळतो तशी. पाण्याचे रंग नकोत म्हटलं, एका हाताने ब्रश धरायचा की वाटी सांभाळायची? त्याऐवजी लहान मुलांचे जाडजूड मेणखडू घेतले, तुटले तर एकाचे दोन होतात. वही खरबरीत कागदाची घेतली, खडू न घसरणारी, आणि वर चिमटा असलेला बोर्ड, कारण कागद धरून ठेवायला दुसरा हात नाही. हे सगळं घेताना मला तुझे बाबा आठवले. बालवाडीत घालताना त्याची पाटी अशीच निवडली होती मी, त्याच्या मांडीवर ठेवून बघून. तिथेच रडू येणार होतं, पण आबा शेजारी उभे. गिळलं.

शेवटी दुकानदाराने सामानावर एक खोडरबर ठेवला. आबांनी तो बाजूला सारला. मी परत ठेवला, त्यांनी परत सारला. ‘आजोबांना बराच आत्मविश्वास दिसतोय,’ दुकानदार म्हणाला. त्याला काय माहीत, समोर कोण उभं आहे! सदाशिव पेठेतल्या छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली त्यांनी. त्या कामात चूक पुसून टाकत नाहीत, तिच्यावर रेघ मारतात आणि कडेला खूण करतात, म्हणजे सुधारणाऱ्याला ती दिसते. खोडरबर तिथेच राहिला. त्याऐवजी आबांनी एक लाल पेन्सिल उचलली आणि मोठ्या कष्टाने शर्टाच्या खिशात अडकवली. दुकानदाराने या वेळी टोमणा न मारता बिल केलं, आणि ही त्या चौकात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पुढचे काही शनिवार नुसत्या उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि गोल. मुलं त्यांना ‘अगं आबा’ म्हणतात. संस्कृती नावाची एक चिमुरडी त्यांच्या शेजारी बसते आणि त्यांचे खडू वापरून स्वतःचे वाचवते. मी आंबा काढला, तो वांगं झाला. सर म्हणाले, आजींची शैली स्वतंत्र आहे. गोड बोलून फी घेतो, मुलगा पुढे जाईल.

गेल्या शनिवारी सरांनी विषय दिला, घरातली माणसं. आबा मान खाली घालून बसले ते वेळ संपली तरी उठेनात. डोकी म्हणजे गोल, अंग म्हणजे रेघ, पण कोण कोण आहे ते कळत होतं. काठी घेतलेले ते स्वतः. अंबाडा आणि रुंद अंग म्हणजे मी, रुंदी जरा अतीच दाखवली आहे. आणि एक माणूस चौकटीच्या आत. चष्मा, दाढी. चौकटीच्या दोन्ही बाजूंनी खालपर्यंत बारीक बारीक गोल काढलेले. सर म्हणाले, ‘वा आबा, खिडकीला फुलांचं तोरण!’ मी म्हटलं, हो, तोरणच. तो हार होता, तनया. त्यांनी आनंदच्या फोटोला हार घातला होता.

शेजारी तुझी आई होती. गळ्यात हे एवढाले काळे ठिपके, आणि त्या ठिपक्यांवर लाल आडवी रेघ. कडेला एक खूण, शेपटीला गाठ मारल्यासारखी. मला अक्षरं येत नाहीत, पण खुणा येतात. आबा प्रुफं घरी आणायचे तेव्हा मी समोर तांदूळ निवडत बसायचे आणि ही कसली, ती कसली, म्हणून त्यांचं डोकं खायचे. ही खूण म्हणजे, हे जास्तीचं आहे, काढा. कल्याणी, थांबू नकोस, लिही. तुझ्या आईने लग्नसमारंभ सोडून मंगळसूत्र कधी घातलं नाही. टोचतं म्हणायची, आनंद म्हणायचा, राहू दे कपाटात, आणि मी टोमणे मारून मारून थकले होते. तो गेल्यावर मात्र ती रोज ऑफिसातून आली की दाराजवळच्या चपलांच्या कपाटातून ते काढायची, गळ्यात घालायची आणि मगच आबांना चहा द्यायला आत जायची. आम्हा दोघींना वाटायचं, केवढी आमची खबरदारी! लोकांच्या चुका हुडकण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्यासमोर आम्ही हे नाटक लावलं होतं. त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं असणार. ते आनंद कुठे आहे असं विचारतच नव्हते गं. मला कळलंय, आता पुरे करा, असं सांगत होते. मुलाचं दुःख त्या माणसाने एकट्याने सोसलं, माझ्या तोंडून जर्मनीचं हवामान ऐकत.

संध्याकाळी तुझी आई आली आणि चपलांच्या कपाटाशी वाकली, तेव्हा मी वही तिच्यापुढे धरली. तिने बराच वेळ बघितलं. मग गळ्यात काही न घालताच आत गेली आणि आबांच्या पायाशी फरशीवर बसली. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. जरा जोरातच पडला तो, अजून अंदाज येत नाही त्यांना. या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघं एकत्र रडलो. आवाज ऐकून चंपाताई धावत वर आल्या आणि दारातूनच परत फिरल्या. मग तुझ्या आईने कपाटातून फोटो काढून हॉलमध्ये लावला, मी हार घातला. आबा खुर्चीतून ‘अगं, अगं’ करू लागले तशा आम्ही दोघी घाबरलो. काही नाही, फोटो तिरका लागला होता. सरळ होईपर्यंत त्यांनी आम्हाला खाली बसू दिलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. त्या चित्रात तुझ्या आईच्या आणि माझ्या मध्ये मोकळी जागा आहे. मला वाटलं, हात थकला असेल. तसं नाही. त्या जागेखाली एक टोकदार खूण आहे, कावळ्याच्या पायासारखी. प्रुफात तिचा अर्थ, इथलं काहीतरी सुटलंय, ते घाला. काय सुटलंय ते कडेला लिहायचं असतं. ते आता त्यांना लिहिता येत नाही, मला कधी येत नव्हतं, म्हणून तुझ्या आईकडून लिहून घेतलं. ये. इथे आता कुणालाही काहीही खोटं सांगायचं नाहीये. आलीस की नुसती त्यांच्याजवळ बस, रडलीस तरी चालेल. छापखान्यात असताना खूण केली की ते दुसरं प्रूफ यायची वाट बघायचे, सुधारणा झाली की नाही ते तपासायला. हल्ली रोज सकाळी वही मांडीवर घेऊन ते पान उघडतात, बघतात, आणि मिटून ठेवतात.

तुझीच,
हिराआजी