आवाज सिमवर

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.

तारीख फोन आपला आपणच घालतो. माझी नात जाई पुण्याला हॉस्टेलवर गेली, जाताना हे करून गेली. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलत सुटायचं, फोन लिहून घेतो. मी म्हटलं, अगं, मला अक्षर म्हणजे काळी मुंगी, मी वाचणार कशी? तर म्हणते, आजी, म्हणून तर ही रोजनिशी एकदम सेफ. जिची आहे तिलाच वाचता येत नाही. चुरचुरीत बोलते. माझ्यावर गेली आहे.

तर. दिनानाथाने, माझ्या लेकाने, घरात एक डबा आणला. अँप्लिफायर. काळा, वजनदार, झाकणाला चाळणीसारखी भोकं. सोबत दोन स्पीकर, माझ्या कमरेला लागतील एवढे. म्हणाला, आई, जन्मभर गाणी फोनच्या टिचभर भोकातून ऐकली, आता नीट ऐकणार. हा पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत दिवसभर मशिनीचा आवाज ऐकतो आणि वाशीला जाऊन आणखी आवाज विकत घेतो. माझ्याच पोटचा, बोलणार काय.

मला भीती वगैरे वाटत नाही. बसायची जागा तेवढी बदलली. आता दाराजवळ बसते. वारा बरा येतो.

४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

वारा येत नाही. पण बसले आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार.

महत्त्वाचं. दिना आणि सूनबाई अरुणा बावीस तारखेला केरळला जाणार, आठ दिवस. माझं काय करायचं यावर जेवताना मीटिंग झाली. मी तिथेच बसलेली, पण मला कुणी विचारेना. दिना म्हणाला, आई डोंबिवलीला हिराकडे राहील. हिरा म्हणजे माझी लेक. मी भाकरी खाली ठेवली. म्हटलं, जावयाच्या घरी आठ दिवस? माणूस लाखाचा, पण त्याच्यासमोर मला पाय पसरता येत नाहीत आणि बशीतला चहा आवाज न करता प्यावा लागतो. मी इथे एकटी राहीन. मला कसलं आलंय टेन्शन.

अरुणा म्हणाली, आई, दार, गॅस, टीव्ही, सगळं जमेल? टीव्हीचा स्वतःचा आवाज ह्यांनी बंद केलाय, तो आता त्या डब्यातून येतो.

म्हटलं, डबा तर डबा. मी चूल पेटवलेली बाई आहे.

ठरलं. एकोणीस तारखेला दोघं कामावर असताना मी एकटीने डबा चालू करायचा, टीव्ही बघायचा, डबा बंद करायचा. जमलं तर इथे राहायचं. नाही जमलं तर डोंबिवली.

जमणारच.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

दिनाने शिकवणी घेतली. डबा चालू असताना मागच्या वायरींना हात लावायचा नाही. ओला हात कुठेच लावायचा नाही. स्पीकरच्या वायरीची उघडी टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, डबा जळतो. आणि सगळ्यात मोठं: आवाज सिमवर ठेवूनच चालू करायचं. म्हणाला, गॅसला सिम असतं ना, तसंच. मग हळूहळू वाढव.

मग चालू करून दाखवलं. आधी लाल दिवा लागला. काहीच होईना. मी पुढे वाकून बघते तर आतून आवाज आला, टक्. कडी काढल्यासारखा. मग दिवा हिरवा झाला.

मी विचारलं, आत कोण आहे?

दिना हसला. रिले आहे आई. आधी सगळं ठीक आहे का बघतो, मग स्पीकर जोडतो.

म्हणजे कुणीतरी आहे. नाव रिले.

मी दाराजवळ गेले, पण ते चप्पल सरळ करायला.

८ नोव्हेंबर, शनिवार.

बंदोबस्त केला. लाकडातून करंट येत नाही हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा मी पाटावर उभी राहते, पायात रबरी चपला, आणि डब्याचं बटण लाटण्याने दाबते. अरुणाने बघितलं. म्हणाली, आई, पोळ्या करताय की युद्धाला निघालात? मी म्हटलं, दोन्हीला हेच लागतं.

टक् झालं तेव्हा मी पाटावरून उतरले. अरुणा म्हणते उडी मारली. उतरले.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपार.

डबा बंद केला तरी लाल दिवा चालूच राहतो. हे आज कळलं. दोघं कामावर, घरात मी आणि तो दिवा. स्वयंपाकघरात गेले तरी पाठीवर असल्यासारखा वाटतो. मी मुद्दाम दोनदा बाहेर येऊन बघितलं. दोन्ही वेळा बघत होता.

मी घाबरत नाही. पण परक्याने असं सारखं बघू नये, एवढी रीत पाळायला काय जातं?

उपाय सापडला. क्रोशाचं कव्हर विणणार. आपल्या घरात मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. हाच एक उघडा बसला आहे. धूळ बसते, म्हणून हो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

कव्हर झालं. मोरपिशी, कडेला पांढरी वेल. खाली अस्तर जाड लावलं, दिवा आरपार दिसू नये म्हणून. वरून दाबून बसवलं, चारी बाजूंनी गच्च. आता देवासारखा दिसतो. मी सोफ्यावर परत माझ्या जागेवर बसले.

मन कसं हलकं झालं. दिना येऊन बघेल तर खूश होईल.

१३ नोव्हेंबर. संध्याकाळ.

दिना खूश झाला नाही.

आला, कव्हर न काढताच वरूनच बटण दाबून गाणी लावली, ऐकत बसला. मला म्हणाला, छान दिसतंय गं. थोड्या वेळाने वास. मला वाटलं अरुणाची फोडणी. अरुणाला वाटलं माझी उदबत्ती. आणि डब्यात परत टक् झालं, गाणं मध्येच तुटलं, लाल दिवा उघडझाप करायला लागला. कव्हरच्या खालून. अस्तर असूनसुद्धा.

दिनाने हात लावला आणि हात झटकला. कव्हर ओढून काढलं. ओरडला, आई, ह्याला श्वास घ्यायला लागतो! ती भोकं कशाला आहेत? आग लागली असती!

मी एवढंच म्हटलं की कुणाला श्वास लागतो हे मला आधी सांगायला हवं होतं.

म्हणजे आत आहे. आणि श्वास घेतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

डबा ठीक आहे. गरम झाला म्हणून स्वतःच बंद पडला, ती त्याची सेफ्टी आहे, असं दिना म्हणतो. आता नियम: डब्यावर काही ठेवायचं नाही, आजूबाजूला वीतभर मोकळी जागा, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं म्हणजे लाल दिवाही जातो.

हे भिंतीवरचं बटण पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझी लोकर वाचली असती.

दिना अरुणाला स्वयंपाकघरात हळू म्हणत होता, हिराला फोन करून ठेवू का? मला ऐकू कमी येतं अशी घरात समजूत आहे. ती मी मोडत नाही, उपयोगी पडते.

फोन करायची गरज पडणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

रंगीत तालीम. दिना समोर बसला. मी पाट, चपला, लाटणं. दिना म्हणाला, लाटणं ठेव आई. ठेवलं. हाताला कोरडा रुमाल गुंडाळला, ते चालेल म्हणाला. भिंतीचं बटण, डब्याचं बटण, लाल, टक्, हिरवा. टीव्हीवरचं कीर्तन स्पष्ट ऐकू आलं. बुवांचा श्वाससुद्धा.

आवाजाचं गोल बटण दिनाने आधीच लावून ठेवलं होतं, त्याला मला हात लावावा लागला नाही. ते काय, सिम. रोज दहा वेळा करते.

दिना म्हणाला, शाब्बास. अरुणाने शिरा केला. माझे गुडघे कापत होते ते थंडीने. अरुणा म्हणाली, आई, पंखा चालू आहे. म्हटलं, तेच तर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

उद्या. छातीत थोडं धडधडतंय. दुपारी वांगं खाल्लं, त्याचं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ.

जे झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे माझी बाजू नीट राहील.

दोघं गेले. मी देवाला दिवा लावला. पाट, चपला, रुमाल. लाटणं कंबरेला खोचलं, सोबत म्हणून. पहिलं काम, आवाज सिमवर. गोल बटण एका बाजूला फिरेना. दुसऱ्या बाजूला फिरलं. आता गॅसचं बटण थोडं फिरवलं की मोठा जाळ आणि शेवटपर्यंत फिरवलं की सिम. कुठल्याही बाईला विचारा. मी शेवटपर्यंत फिरवलं. आणखी फिरेना तेव्हा सोडलं. एकदम पक्कं सिम.

मग भिंतीचं बटण. डब्याचं बटण. लाल दिवा. मी मनात म्हटलं, बघ हो रिलेबाबा, मी एकटी आहे.

टक्.

टीव्ही मी आधीच लावून ठेवला होता, त्यावर मसाल्याची जाहिरात चालू होती. त्यातली बाई हसली.

अशी हसली की शोकेसमधल्या बशा नाचल्या. खिडकीची काच वाजली, माझे दात वाजले. अख्ख्या सेक्टरात हसली. पुढे मी कशी गेले ते मला ठाऊक नाही, पण मी बाहेर जिन्यात होते आणि मागे दाराचं लॅच खट् करून लागलं होतं. किल्ली आत. बाई आत. आता ती मसाल्याचं गाणं म्हणत होती.

खालचे हौसेराव, सोसायटीचे सेक्रेटरी, बनियनवर धावत आले. ओरडून म्हणाले, आजी, काय पार्टी आहे का? मी ओरडून सांगितलं, टेस्टिंग आहे! वॉचमन मानसिंग दंडुका घेऊन आला. माताजी, अंदर कौन है? म्हटलं, कोई नहीं है. त्याने दाराला कान लावला, माझ्या कंबरेला खोचलेलं लाटणं बघितलं, आणि दोन पायऱ्या मागे सरला. मग त्याला सुचलं. खाली मीटररूममध्ये जाऊन त्याने आमच्या फ्लॅटची लाइटच काढली.

बाई अर्ध्या शब्दावर गेली. एवढी शांतता मी नवी मुंबईत कधी ऐकली नव्हती.

हौसेरावांच्या बायकोने चहा दिला. बशीत ओतला तर सगळा साडीवर. बशीच उथळ होती.

दिना धापा टाकत आला. मी म्हटलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मीच दार ओढून घेतलं. आत जाऊन त्याने आधी गोल बटण बघितलं, मग एका स्पीकरची जाळी काढली. आतला काळा कागद फाटला होता. त्यावरून त्याने बोट फिरवलं. ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं. मला वाटलं, आता डोंबिवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

उलटंच झालं.

सकाळी दिना म्हणाला, आई, चूक माझी. सिम म्हणालो मीच. गॅसचं सिम शेवटाला असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मी कधी गॅसपाशी उभा राहिलोय? अरुणा आतून म्हणाली, हे लिहून घ्या कुणीतरी. मी फोनकडे बघितलं.

त्याने डबा खोक्यात भरून माळ्यावर टाकला. टीव्हीचा स्वतःचा आवाज परत चालू केला. म्हणाला, स्पीकर आम्ही केरळहून आल्यावर दुरुस्त करू. आता तुला कसलाच त्रास नाही, रिमोट दाबला की झालं. तू बिनधास्त इथे एकटी राहा. मानसिंग रोज बेल वाजवून जाईल. डोंबिवली कॅन्सल.

जिंकले मी. चांगलं जोरात म्हटलं, बघ, मी काय सांगत होते.

२० नोव्हेंबर. दुपार.

दोघं कामावर. घरात डबा नाही, लाल दिवा नाही. निवांत बसले आहे.

फ्रिज सुरू झाला. माहीत आहे मला, फ्रिजच आहे.

पाइपातून पाणी गेलं. वरच्यांचं असेल.

टीव्ही लावला होता, बंद केला. टीव्ही चालू असला की दाराबाहेरचं काही ऐकू येत नाही.

बेल वाजली. मानसिंग. आजपासूनच प्रॅक्टिस करतो म्हणाला. माताजी, सब ठीक? म्हटलं, एकदम ठीक. मग त्याला गाव विचारलं, बायको विचारली, मुलं विचारली, गावचा पाऊस विचारला. जाऊ लागला तर त्याच्या म्हशी विचारल्या. म्हशी नाहीत म्हणाला. म्हटलं, का नाहीत, बस, सांग.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

पक्का निर्णय. मी एकटी राहू शकते हे सिद्ध झालेलं आहे, सगळ्यांच्या देखत झालेलं आहे. सिद्ध झाल्यावर परत राहून कशाला दाखवायचं? उगीच मिरवल्यासारखं होतं.

आणि हिराला बघून किती दिवस झाले. लेक ती लेकच.

चार साड्या, गोळ्या, जपमाळ, फोनचा चार्जर. पिशवी भरून दारात ठेवली आहे. अरुणाने बघितली. वर माझी शाल घडी करून ठेवली. दिनाने विचारलं, हे काय आई? मी म्हटलं, जावईबापूंनी फार आग्रह केला रे, मोडवेना.

आता कुणीतरी जावईबापूंना फोन लावून द्या. त्यांना अजून कळवायचं आहे.