फुलाबाईंचा कर्जरोखा

पासली, १ ऑगस्ट १९७४

भामाला पुन्हा धाप लागली. लावणीच्या चिखलातून बांधावर येईपर्यंत ओठ निळे! दुपारी तिची आई, फुलाबाई, शाळेत आल्या. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती — हृदयातली झडप आकसलीय, याच महिन्यात ऑपरेशन झालं पाहिजे. सगळं धरून दोन हजार.

"गुरुजी, माजा कागद मोडून द्या."

तो कागद, म्हणजे सरकारी कर्जरोखा, घ्यायला मीच लावलं होतं. त्रेसष्ट साली. त्यांचे मालक कोंडिबा रस्त्याच्या कामावर सुरुंगात गेले, त्याची भरपाई दोन हजार आली होती. बचतीच्या सभेत मी काय भाषण ठोकलं! सरकारला कर्ज द्या, साडेचार टक्के व्याज घ्या, मुद्दल कुठं जात नाही! मुदतीआधी मोडता येतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही वाचलं नाही.

"मोडू की," म्हटलं. किती सहज म्हटलं.

५ ऑगस्ट

भोरला ट्रेझरीत गेलो. कारकुनानं रोखा उलटा करून माझ्यापुढं धरला. "हे काय लिहिलंय, गुरुजी? १९८०. त्याआधी सरकार मुद्दल देत नाही. सहा महिन्यांचं व्याज तेवढं न्या."

पंचेचाळीस रुपये! मला वाटायचं, हे पोस्टातल्या खात्यासारखंच. हवे तेव्हा काढावेत.

"मग अडलेला माणूस काय करतो?"

"विकतो. पुण्यात दलाल घेतात."

सरकारचा कागद — आणि बाजारात उभा करायचा, बैलासारखा?

८ ऑगस्ट

पहाटे वेल्ह्यापर्यंत चालत, मग एसटी. बुधवार पेठेत गंगाधरपंत म्हणून दलाल आहेत. म्हातारे, सोशिक. रोखा बघून म्हणाले — शेकडा नव्वद.

"नव्वद? कागदात खोट आहे का काही?"

"कागद अस्सल आहे हो. पण तुम्ही घेतलात तेव्हा व्याज साडेचार होतं. आज नवं कर्ज सहाच्या वर निघतंय. माझ्याकडं शंभर असतील तर सहा सोडून तुमचे साडेचार कशाला घेऊ? स्वस्तात दिलेत तरच घेईन. व्याज चढलं की जुना रोखा उतरतो. व्याज उतरलं असतं, तर मीच तुम्हाला शंभरावर दिले असते."

दोन हजारांचे अठराशे! वर फुलाबाईंचा अंगठा मॅजिस्ट्रेटसमोर हवा, नाव बदलायला कागद मुंबईला जाणार — पंधरा दिवस तरी.

अठरा वर्षं पोरांना शेकडेवारी शिकवतोय. आज पहिल्यांदा कळली.

९ ऑगस्ट

फुलाबाईंच्या घरी गेलो. भामा भिंतीला टेकून बसलेली. आडवं झालं की श्वास पुरत नाही.

"सरकार बुडालं का, गुरुजी?"

"नाही."

"मग माजं दोनशे कुनी खाल्लं?"

दारातून शेत दिसत होतं. मग म्हटलं, "फुलाबाई, समजा तुम्ही शेत खंडानं दिलं. ऐंशी सालापर्यंत बोली, वर्षाला साडेचार पोती. आता शेजारचं तसलंच शेत सहा पोत्यांवर जातंय. तुम्हाला मधेच सुटायचंय, तर तुमची साडेचार पोत्यांची बोली कोण घेईल?"

"कमी पैशात दिली तर घील की."

"तेच."

"आन् ऐंशी सालापतुर थांबलं तर?"

"पुरे दोन हजार."

समजलं त्यांना! मला आनंद झाला. मूर्ख!

"मग थांबू," त्या म्हणाल्या. "त्येंच्या जिवाचं पैसं हायती ते. त्यातलं दोनशे म्या कमी करू?"

भिंतीपासून भामा — एकेक शब्दाला थांबत — "व्हय, गुरुजी. माज्यापायी... बाचं पैसं... नगं जायाला."

१० ऑगस्ट

मी नीट समजावलं, म्हणून ही पोरगी मरणार.

१२ ऑगस्ट

दोनदा जाऊन आलो. वरचे दोनशे मी घालतो म्हटलं. "तुमचं कशापायी? चूक कुनाची व्हती का?" म्हणाल्या. चूक कुणाची, हे बोलायला जीभ रेटली नाही.

त्यांचा दीर दादू पारावर बसून सांगतोय — गुरुजीनं मधल्या मधी दोनशे मारलं. माझ्याकडं बघून खाकरला. मी मान खाली घालून गेलो.

आजचा दिवस भामानं नुसती पेज घेतली.

१४ ऑगस्ट

शिक्षकांच्या पतपेढीतून दोन हजार कर्ज काढलं. पगारातून कापतील. बायकोला, जाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. "पोरांच्या तोंडचं काडून?" एवढंच. मग तव्यावरची करपली.

फुलाबाईंना सांगितलं — सरकारनं नियम बदलला, आजाऱ्यांना पुरे पैसे देतात. त्यांनी नोटा डोळ्यांना लावल्या. "बगा! तुमी म्हनला व्हता, सरकार बुडवत न्हाई." रोखा माझ्या हातात दिला. तो पेटीच्या तळाशी आहे. विकायचा तर त्यांचा अंगठा लागेल, खोटं उघडं पडेल.

खोटं किती सहज समजलं त्यांना. खऱ्याला खंडाचं शेत लागलं होतं.

२७ ऑगस्ट

पुणे. सकाळी आठला आत नेलं. साडेअकरा झाले. फुलाबाई फरशीवर बसून आहेत. पाणीसुद्धा नको म्हणतात. उशीर माझ्यामुळं झाला असेल तर? पाच तारखेलाच कर्ज काढलं असतं तर! तेव्हा दोन हजार वाचवत होतो — स्वतःचे.

पाऊण वाजला. कुणी बाहेर येत नाही.

२८ ऑगस्ट

आहे. जिवंत आहे! ओठ लाल.

२२ सप्टेंबर

शाळेच्या पडवीत सात बायका. पदराला पैशांच्या गाठी. पुढं फुलाबाई. "माजं पुरं आलं, ह्यास्नी सांगितलं. ह्यांचंबी सरकारात घाला, गुरुजी."

सगळं सांगून टाकलं. नियम बदलला नव्हता. कर्ज माझं. खोटं माझं.

कुणी गाठ सोडली नाही. एकेक करून उठल्या. फुलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कागद आना."

आणला. त्यांनी तो पदराला बांधला. आवाज थरथरत होता — रागानं. "ऐंशी साली म्या सोता मोडंन. ते दोन हजार तुमचं. तवर दर सा म्हैन्याचं व्याजबी तुमाला आनून दीन. पर आजपतुर माज्या घरात कुनाची भीक आली नव्हती, गुरुजी. ती तुमी न सांगता आनली."