पडक्या बुरुजावरची भरती

४ फेब्रुवारी
ठरलं. निवृत्तीनंतर किनाऱ्यावरचे पुरातन अवशेष हाच आपला विषय. सोसायटीच्या सहल मंडळाला मार्गदर्शक हवा आहे. उमेदवार दोन: मी आणि बायकोचा भाऊ. रविवारी मी सगळ्यांना खडकावरचा पडका बुरुज दाखवणार, मग सेक्रेटरी निवड करणार. म्हणजे झालीच.

६ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. पुस्तक उशाशी घेऊन झोपलो. प्रस्तावना फार लांबलचक आहे.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
धक्क्यावर जाऊन पाहणी. बुरुज लांबूनच पाहिला. आधीच जवळून पाहिलं की मत कलुषित होतं. तिथं फळ्यावर लिहिलंय: 'उद्या भरती सकाळी १०'. बंदर खात्यात जागा निघालेल्या दिसतात. माझा जन्म नोकरभरती विभागात गेला. दहाची भरती बाराच्या आत सुरू होत नाही. उमेदवारांची गर्दी व्हायच्या आत आपण परत.

मन मोठं करून मेहुण्याला फोन केला. म्हटलं, उद्या भरती आहे, मुलीला पाठव. तर म्हणाला, तिला पोहता येत नाही. आजकालच्या मुलांना नोकरी नकोच असते. मग विचारतो, भरतीचं नीट पाहिलंय ना? म्हटलं, बाबा रे, भरतीतच केस पांढरे झाले.

८ फेब्रुवारी, सकाळी ९
ओल्या वाळूतून चालत सगळे बुरुजावर. मेहुणा भित्रा, धक्क्यावरच थांबला. बायको म्हणाली, समुद्र जवळ आल्यासारखा वाटतोय. तिला समजावलं की जुन्या वास्तूत असे भास होतात.

तोच दिवस, १०.१५
चारही बाजूंनी पाणी. ती ही भरती होय! समुद्र सरकारी नसल्यामुळे वेळेवर आला. सेक्रेटरींना सगळ्यात उंच दगड दिला, तरी ते माझ्याकडे पाठ करून बसलेत. वेळ सत्कारणी लागावा म्हणून अवशेषांची माहिती सांगू लागलो. बायको म्हणाली, गप्प बसा, थोड्या वेळानं त्यात आपलीही भर पडणार आहे.

९ फेब्रुवारी
काल मेहुण्यानंच मच्छीमाराची होडी आणून सगळ्यांना सोडवलं. होडीत सगळे त्याला बुरुजाचा इतिहास विचारत होते आणि त्याला तो येत होता. हे मात्र मनाला लागलं.

मार्गदर्शक म्हणून त्याची एकमतानं निवड झाली. त्या एकमतात माझंही मत धरलंय, विचारलं नाही. मलाही जबाबदारी मिळाली आहे: मंडळी अवशेष पाहायला गेली की किनाऱ्यावर बसून त्यांच्या चपला सांभाळायच्या. मेहुणा म्हणाला, भावोजींइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. खरंच आहे ते.

बायको मात्र चपला घालूनच जाणार म्हणते.