लांब अंगाची सायकल

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावून काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. पण आज सकाळी शेजारच्या पोरानं आपली मोटरसायकल गॅरेजातून घरी आणली आणि मला तुमची आठवण झाली. चांगली चालती गाडी होती. तिचं हँडल त्यानं इतकं उंच करून घेतलंय की चालवताना दोन्ही हात वर जातात आणि पोरगं शरण आल्यासारखं दिसतं. पुढचं चाक पार पुढे काढलंय, मागे शेपटासारखं काहीतरी लावलंय, आवाज पिठाच्या गिरणीचा. सगळी आळी गोळा झाली. "लई भारी दिसतीय, राव," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा त्या पोराच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी ओळखलं. ते तुमचं हसू. वस्तूचा उपयोग कळेनासा झाला की माणसाला असं हसू येतं. मी खिडकी लावून घेतली आणि कागद काढला.

तुम्ही बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचात. दर सोमवारी पिंपरी पेंढारहून पहाटे सायकल काढायची, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि दिवसभर लोकांच्या जनावरांचं कौतुक करून संध्याकाळी घरी आमच्यात खोट काढायची. बैलाचं तुम्हाला कळायचं, ते मी नाकारत नाही. पण जगातली प्रत्येक गोष्ट तुम्ही बैलासारखीच बघायचात. घर बघितलं तरी पुठ्ठे बघावेत तसं मागून बघायचं. मामानं माझ्यासाठी सायकल आणली तेव्हाही तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "आखूड हाय."

ती लेडीज सायकल होती, आण्णा. आखूडच असणार. मी सातवीची फायनल पास झाले होते, गावात पुढची शाळा नव्हती, आणि ओतूरच्या हायस्कुलात जायचं तर रोज जाऊन येऊन एवढं चालणार कोण, म्हणून आईच्या भावानं पुण्याहून एस.टी.च्या टपावर टाकून ती आणली होती. जुनी होती, पण चालत होती. मी वैशाखाच्या उन्हात खळ्यावर ती शिकले, गुडघे फोडून घेतले, आणि जूनची वाट बघत बसले. तुम्ही मात्र त्याच उन्हाळ्यात बाजारात कुण्या दुसऱ्या दलालाची नवी, दिव्याची सायकल बघून आलात. लोक तिच्याकडे वळून बघत होते म्हणे. एवढं पुरलं तुम्हाला. नाकापेक्षा मोती जड झाला तरी चालेल, पण शेजाऱ्याच्या मोत्यापेक्षा मोठा पाहिजे, असा तुमचा हिशेब.

मी विहिरीवरून धुणं घेऊन आले तर परसात माझी सायकल दोन तुकडे होऊन पडलेली. शेजारी तुमचीही तशीच. जुन्नरचे चाचा, भांडी झाळणारे, कोळशावर भाता मारत बसलेले. ते तुमच्या बाजारातल्या ओळखीचे, आणि तुमच्याइतकेच हौशी. दोन सायकलींची मिळून एक करायची, लांबलचक, असा तुमचा बेत होता. "आण्णा, माजी सायकल कापली?" मी विचारलं. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत. "कापली न्हाई, वाढिवली," म्हणालात. "बैल लांब अंगाचा असला म्हंजी चालीला हलका. सायकलीचंबी तसंच. तू मागं बसायचं, मी सोडीन तुला ओतूरला. एकटी पोर सायकलीवर बरी दिसती व्हय?" चाचा मान डोलवत होते. "झाळ तर अशी बसल, हत्ती बसला तरी तुटायची नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. हत्तीनं वळायचं कसं, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

झाळायला पितळ कमी पडलं तेव्हा तुम्ही घरात गेलात आणि आईचा गडवा घेऊन आलात. तिच्या माहेरचा. आई भाकरी थापत होती. तिनं गडव्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं. तिचं ते मळणं मला अजून दिसतं. सायकल तिच्या भावाची, पितळ तिच्या आईचं, आणि डौल तुमचा. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही शेताकडे फिरकला नाहीत. हँडल तापवून वर वळवलंत, थेट उभी शिंगं. त्यांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, टोकांना पोळ्याच्या पितळी शेंब्या बसवल्या. दोन साखळ्या जोडून एक केली. पुढच्या सीटवर झुलीचा तुकडा, गळ्यात घुंगरमाळ, आणि कुठल्याशा मोडक्या मोटारीचा भोंगा. परसातून ती बाहेर काढताना फाटकाचा एक खांब उपटावा लागला, कारण ती फाटकात वळेना. तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्ही खांबाला शिव्या दिल्यात.

वळायचीच नाही ती. सरळ रस्त्यावर ठीक. पण वळण आलं की तुम्ही "थिर्र" म्हणून थांबायचात, मी खाली उतरायचं, मागचं टोक उचलायचं आणि बाज फिरवावी तसं फिरवायचं. हायस्कुलाच्या पहिल्या दिवशी ओढ्याजवळच्या उतरणीला तुम्हाला वेळेवर थांबता आलं नाही. तुम्ही आणि शिंगं एका बाजूला, मी आणि माझी नवी पुस्तकं ओढ्यात. ओली पुस्तकं पोटाशी धरून मी ओतूरला पोहोचले तेव्हा शाळेची पोरं कंपाउंडवर चढून भोंगा ऐकायला जमली होती. तुम्हाला वाटलं, कौतुक करतायत. तुम्ही आणखी वाजवलात. त्या रात्री जेवताना म्हणालात, "पोरीला न्यायचं आणायचं म्हंजी माझा दिवस मोडतो. फायनल झाली, लई झालं." संपलं. माझी सायकल कापणारे तुम्ही, मला सोडीन म्हणणारे तुम्ही, आणि दिवस तुमचाच मोडत होता. मी बोलले, तर ताट सारून उठलात.

पुढचा सोमवार आला. मला वाटलं, निदान तुम्ही बाजाराला गेलात की मला घरात मनसोक्त रडता येईल. पण नाही, मला बरोबर नेलंत. आळेफाट्याची वळणं होती ना! शेपूट उचलायला कुणीतरी हवं होतं. शाळेत नेताना जिच्यामुळे तुमचा दिवस मोडत होता, तिला बाजारात न्यायला मात्र तुम्हाला वेळ होता.

बेल्ह्याला तुम्ही सायकल बैलांच्या रांगेत उभी केलीत, खिलारी जोडीच्या शेजारी, आणि शिंगांना धरून असे उभे राहिलात की जणू ती रवंथ करतेय. मग तुम्ही तुमच्या जन्मातला सगळ्यात मोठा शहाणपणा केलात. हातावर उपरणं टाकलंत आणि ओरडलात, "ज्याच्यात दम आसंल त्यानं हात घालावा." बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, बोटांवरून भाव समजायचा. कबूल असेल तर मालकानं मोठ्यानं "दिला" म्हणायचं, आणि कितीला ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. लहानपणी तुम्हीच मला शिकवलं होतं, आलेला हात कधी झटकायचा नाही, भाव पटो न पटो. हात झटकला तो दलाल संपला. सायकल विकायची तुमची इच्छा नव्हती. तुम्हाला फक्त माणसांनी हात घालायला हवे होते, कौतुकाचे. आणि कुणीही घातला नाही. ऊन डोक्यावर आलं, उपरणं तुमच्या हातावर लोंबतच राहिलं.

हसणारे मात्र खूप आले. "राव, दात दावा की, दुसा हाय का चौसा?" एकानं बैलाचं विचारतात तसं तिचं वय विचारलं. "वैरण काय खाती?" दुसऱ्यानं. मग तो दिव्याच्या सायकलवाला दलाल आला, एक फेरी मारली, अगदी तुम्ही मारता तशी, आणि म्हणाला, "पावणं, जनावर देखणं हाय. पर वळतंय का?" तुम्ही ताठ झालात. बसलात, पायडल मारलं, आणि शिंगं शेजारच्या बैलाच्या दाव्यात अडकली. बैल बुजला, घुंगरं वाजली, सगळा बाजार आपल्याभोवती. आणि त्या सगळ्यांसमोर तुम्ही माझ्यावर खेकसलात, "बघती काय? शेपूट उचल!"

मी उचललं नाही. मी पुढे आले. उपरणं अजून तुमच्या हातावरच होतं. मी त्याखाली हात घातला.

बाईमाणसानं सौद्याला हात घातलेला तिथं कुणी बघितला नव्हता, त्यात दलालाच्या पोरीनं बापाच्या उपरण्यात. मग कुणीतरी ओरडलं, "आण्णा, हात आलाय! झटकू नगा!" तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. झटकला तर दलाली गेली, कबूल केलं तर डौल गेला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग त्या रंगवलेल्या शिंगांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मोठ्यानं म्हणालात, "दिली."

"कितीला?" चारी बाजूंनी एकच ओरडा.

"त्ये हाताला ठावं," तुम्ही म्हणालात. विकलेल्या बैलावर टाकतात तसा सीटवर गुलाल टाकलात आणि शिंगांच्या शेंब्या काढून खिशात घातल्यात, कारण साज विकणाऱ्याकडेच राहतो. तेवढं मात्र विसरला नाहीत.

परतीच्या वाटेला वळण आलं की खाली उतरून शेपूट तुम्हीच उचलत होतात. त्याच आठवड्यात चाचांना बोलावून सायकल पुन्हा कापली. माझी कशीबशी जोडली गेली, मधल्या नळीवर आईच्या गडव्याचा पिवळा पट्टा घेऊन. तुमची सुधारलीच नाही; पुढे तुम्ही बैलगाडीनं नाहीतर पायी बाजार केलात. आणि सुधारला तर तुम्हीही नाहीत. "पहिल्याच बाजारात खपली माझी सायकल," असं म्हातारपणापर्यंत पारावर बसून सांगत होतात, तेच हसू तोंडावर घेऊन. मी त्या पट्ट्याच्या सायकलवर मॅट्रिक झाले, मंचरला मास्तरीण झाले, आणि तुमच्या बढाया ऐकायला घरी यायचं कमी केलं. तुम्ही पोकळ माणूस होतात, आण्णा. आजही माझं मत तेच आहे, ते पुसायला मी हे लिहीत नाही.

तीस-बत्तीस वर्षं वर्गातल्या मुलींना मी ही गोष्ट सांगत आले. सांगताना म्हणायचे, मी बापाला भर बाजारात कोंडीत पकडलं, एकच बोट दाबलं आणि शाळा जिंकली. मुली टाळ्या वाजवायच्या. आज ते शेजारचं पोरगं बघून खिडकी लावली आणि हात आपोआप पदराखाली गेला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. मी एकही बोट दाबलं नव्हतं. कुठलं बोट कितीचं, तेच त्या क्षणी आठवेना. हात नुसता तुमच्या हातात पडून होता. तुम्हाला कुठलाही भाव आला नव्हता, आण्णा, आणि तरी तुम्ही "दिली" म्हणालात.